मुलांची किंमत कोणीं ठरवावी?
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



मुलें आणि मोबाईल या विषयावर मीं दोन शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, ती मी आनंदानें पाळीत आहें.

तेराचौदा वर्षांचें वय मोठें नाजूक. ‘मी कशी दिसतें? मी कोणास हवी आहें काय?’ हे प्रश्न या वयांत मनास सारखे टोंचतात. पूर्वीं त्यांचीं उत्तरें घर, शाळा व शेजार देत असत. आतां अनोळखी लोक तीं ‘लाईक’च्या आंकड्यांनीं देतात. इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्याच संशोधनाचे कागद २०२१ सालीं अमेरिकेंत उघडकीस आले. आपल्या शरीराविषयीं वाईट वाटत असतां इन्स्टाग्राममुळें तें दुःख वाढतें, असें शेंकडा ३२ किशोरवयीन मुलींनीं सांगितल्याचें त्यांत नमूद होतें.

घरीं कौतुकाचा शब्द न मिळणारें मूल तो बाहेर शोधूं लागतें. दूरचा कोणी गोड बोलतो, स्तुति करतो, विश्वास संपादितो, आणि मग एखादें खासगी छायाचित्र मागतो. तें हातीं पडतांच धमकी सुरू होते: पैसे दे, आणखी चित्रें पाठव, नाहींतर सर्वांस दाखवीन! अशा वेळीं ‘घरीं कळलें तर?’ या भीतीनेंच मूल मुकें होतें, आणि त्या दुष्टाचें सारें बळ त्या मुकेपणांत असतें.

मोबाईल हिसकावून घेतल्यानें मूल लपवावयास मात्र शिकतें. रात्रीं तो वडीलधाऱ्यांच्या खोलींत ठेवावा, अनोळखी माणसांशीं बोलूं नये, असे नियम अवश्य असावेत, पण त्यांबरोबर एक वचनही असावें: ‘कांहींही घडो, तूं प्रथम आमच्याकडे ये, आम्ही तुला आधीं जवळ घेऊं, मग विचारूं.’ हें वचन संकटापूर्वीं द्यावें आणि संकटांत पाळावें.

प्रसंग आलाच तर पैसे देऊं नयेत, संदेश पुसूं नयेत; सायबर गुन्ह्यांसाठीं १९३० व मुलांच्या मदतीसाठीं १०९८ या क्रमांकांवर कळवावें. अठरा वर्षांखालील मुलाचें अश्लील चित्र मागणारा व पसरविणारा आपल्या कायद्यानें गुन्हेगार आहे. फसलेल्या मुलास घरांत गुन्हेगार ठरवूं नये.

आज घरीं गेल्यावर आपल्या मुलाच्या एखाद्या गुणाचें त्याच्यासमक्ष कौतुक करावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.