फोटो झाला, आता परत देऊ?

मागे मिक्सरचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या. आमच्या वसईच्या घरात नाताळचा फराळ चाललाय.

गेल्या नाताळची गोष्ट सांगते, खरं तर सांगायला लाजच वाटते. लेक तेव्हा पाच वर्षांचा. त्याला द्यायची सवय लागावी म्हणून मी एक खेळण्यातली गाडी आणली, चकचकीत कागदात गुंडाळली आणि वॉचमनकाकांच्या मुलाला त्याच्या हातून द्यायला लावली. दोघांना जवळ उभं केलं, ‘हसा रे’ म्हटलं, तीन-चार फोटो काढले. फोटो झाल्यावर त्या मुलाने खोकं माझ्यापुढे धरलं. ‘आंटी, आता परत देऊ?’

त्याला वाटलं, फोटोपुरतंच आहे.

तो फोटो मी स्टेटसला टाकला नाही. पण माझा लेक त्यातून काय शिकला असेल? देताना आईच्या मोबाइलकडे बघायचं!

आणि गंमत बघा, सांताक्लॉज ज्यांच्यावरून आला ते संत निकोलस म्हणजे चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचे बिशप. आख्यायिका अशी, की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती, तर यांनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोनं टाकलं. कुणी दिलं ते कळू नये म्हणून.

यंदा कलकल वळायला लेकाला सोबत घेतलं. मैद्याची गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळायची. निम्मे वाकडेच झाले. डबे भरताना साहेबांची वाटणी काय? वाकडे शेजाऱ्यांना, छान आपल्याला! मी ओरडणार होते, पण मग त्याला विचारलं, ‘तुला कुठले आवडले असते?’ बराच वेळ गप्प बसला. शेवटी दोन्हीकडे निम्मे-निम्मे केले. मला तेवढं पुष्कळ झालं.

पहिला डबा तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथले आजोबा गेले, त्यामुळे त्यांच्याकडे यंदा गोडधोड नाही. दिवाळीतही आपल्याकडे दुःखाच्या घरी शेजारीच फराळ नेतात ना, तसंच.

दुसरा वॉचमनकाकांकडे. ते बिहारचे. संध्याकाळी डबा परत आला, आणि रिकामा नाही बरं का, आत गुळाचे ठेकुआ! लेकाने दोन खाल्ले, तिसरा हातात घेतला आणि ‘हे कसं करतात?’ विचारायला खाली पळाला. माझा फोन तेव्हा चार्जिंगला होता.