जुन्या व्हॅनचा जड गिअर

मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली, पुढे ती ओम्नी या नावाने घराघरांत ओळखली जाऊ लागली आणि २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. मधल्या पस्तीस वर्षांत या गाडीने शाळेची मुलं वाहिली, रुग्णांना दवाखान्यात नेलं, केटररची पातेली आणि मंडपवाल्याचं सामान लग्नघरी पोचवलं. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे अगदी शेवटी विकल्या गेलेल्या ओम्नींची मुदतही २०३४ साली संपेल, आणि आरटीओचं पासिंग झालं तर त्यानंतरही ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळेल. तेव्हा ही गाडी अजून बरीच वर्षं आपल्या रस्त्यांवर असणार आहे. तिच्या मालकांची एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते, ती म्हणजे गिअर फार जड झालाय. पहिला कसाबसा पडतो, दुसरा अडकतो, रिव्हर्स खरखरतो. आणि तक्रारीपाठोपाठ निष्कर्षही तयार असतो, की गाडी जुनी झाली, आता असंच चालायचं. या निष्कर्षाला माझा विरोध आहे. गिअरचा जडपणा हा निव्वळ वयाचा परिणाम नसतो. त्याला नेमकं कारण असतं, ते क्रमाने शोधता येतं, बहुतेक वेळा ते स्वस्तात दूर होतं, आणि तो जडपणा सोसत गाडी चालवत राहणं धोक्याचं आहे.

आधी कारणाकडे पाहू. दोष तीनच ठिकाणी असू शकतो. एक तर क्लच पूर्ण सुटत नसेल, किंवा दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्या झिजल्या असतील, किंवा बिघाड खुद्द गिअरबॉक्सच्या आत असेल. या तिन्हींतला फरक ओळखायला कोणतंही यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. एखादा अडला तर क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा, कारण उभ्या गाडीत दातासमोर दात आला की निरोगी गिअरही अडतो. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद इंजिनावर गिअर सहज पडत असतील आणि चालू इंजिनावर जड जात असतील, तर दोष क्लचमध्ये आहे. दोन्ही वेळा सारखेच जड असतील, तर जोडण्या किंवा गिअरबॉक्स तपासायला हवा. रिव्हर्स गिअर इथे फार उपयोगी पडतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला वेग जुळवून देणारी पितळी रिंग नसते. क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स खरखरत असेल, तर गिअरबॉक्समधला शाफ्ट अजून इंजिनाबरोबर फिरतो आहे, म्हणजेच क्लच सुटलेला नाही, हे उघड आहे.

ओम्नीचा क्लच वायरवर चालतो. वायर वापराने ताणली जाते, तिच्या आवरणात धूळ-पाणी शिरून गंज धरतो, आणि पेडल तळाला टेकलं तरी क्लचची प्लेट पुरती मोकळी होत नाही. वायरचं ॲडजस्टमेंट करणं किंवा ती बदलणं हे गॅरेजमधल्या अगदी किरकोळ कामांपैकी एक. दुसरीकडे, या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि चालकाच्या हातातला दांडा गिअरबॉक्सशी सळ्या आणि बुश यांच्यामार्फत जोडलेला असतो. बुश झिजले की दांडा सैल होतो, नेमक्या जागी जात नाही, आणि चालक त्याला जडपणा समजून आणखी जोर लावतो. ही कारणं तपासण्याआधीच जुन्या बाजारातून दुसरा गिअरबॉक्स आणून बसवायचा सल्ला अनेकदा मिळतो. त्या गिअरबॉक्सचा इतिहास कुणालाच माहीत नसतो, आणि दोष मुळात क्लचचा असेल तर बदललेला गिअरबॉक्सही पहिल्याच दिवशी तितकाच जड लागतो. क्लच प्लेट खरोखरच संपली असेल तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, हे खरं. पण तो उतरवलाच आहे तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी पाहून घ्यावं, कारण मजुरी एकदाच पडते.

गिअर ऑईलकडे तर फारच कमी लोक लक्ष देतात. इंजिन ऑईलची पातळी पाहायला पट्टी असते, ओम्नीच्या गिअरबॉक्सला ती नसते. सील गळून तेल हळूहळू कमी झालं तरी कुणाला पत्ता लागत नाही. तेल बदलताना भरण्याचा बोल्ट आधी उघडून पाहावा आणि मगच खालचा. वरचा बोल्ट गंजून बसला असेल आणि खालून तेल सोडून दिलं असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. निघालेलं तेल बोटांवर घेऊन उन्हात धरा. बारीक सोनेरी चमक दिसली तर ती पितळी रिंगची नेहमीची झीज आहे, पण पोलादाचे कण किंवा तुकडे हाताला लागले तर गिअरबॉक्स उघडायलाच हवा. नवं तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच भरावं. मागच्या डिफरन्शियलला लागणारं तेल आणि गिअरबॉक्सचं तेल पुष्कळदा एकाच डब्यातून ओतलं जातं. डिफरन्शियलच्या तेलातली जास्त दाब सोसणारी द्रव्यं पितळाला मानवतातच असं नाही, आणि पितळी रिंगला आपलं काम करायला थोडं घर्षणही लागतं. तेल जास्त निसरडं झालं तर रिंग वेग जुळवू शकत नाही.

आता चालकाच्या हाताबद्दल. गिअर बदलताना रिंग दोन वेगवेगळ्या गतींनी फिरणाऱ्या भागांना एका गतीवर आणते. सकाळच्या थंड, घट्ट तेलात तिला किंचित जास्त वेळ लागतो. तो अर्धा सेकंद दिला तर गिअर आपोआप आत जातो. न देता दांडा रेटला तर रिंग झिजते, आणि पुढच्या वेळी आणखी जोर लागतो. गाडी चालवताना हात दांड्यावर टेकवून ठेवण्याची सवयही घातक आहे. त्या हाताचं वजन गिअर सरकवणाऱ्या आतल्या फोर्कवर सतत पडत राहतं. पाय क्लचवर ठेवून चालवलं तर रिलीज बेअरिंग अकाली जातं. झिजलेल्या गाडीत खालचा गिअर घेताना जुन्या चालकांची डबल क्लचची रीत आजही उपयोगी पडते. क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून हलका ॲक्सिलरेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर घ्यायचा. अर्थात ही रीत दुरुस्ती होईपर्यंतचा आधार आहे. दुरुस्तीची गरज तिने संपत नाही.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, थोडा जोर लावला की गिअर पडतोच ना? याचं उत्तर घाटात मिळतं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा आपल्याकडचा जुना आणि शहाणपणाचा नियम आहे. पण दुसरा गिअर पडायला त्रास देत असेल तर चालक तो घ्यायचंच टाळतो. खंबाटकी असो, आंबा घाट असो, की कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार असो, तो तिसऱ्यात किंवा थेट न्यूट्रलमध्ये उतरू लागतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. शिवाय न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं ही समजूतही इंजेक्शनच्या इंजिनांना लागू पडत नाही. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला तर अशा इंजिनात पेट्रोलचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतच राहतं.

याहून गंभीर आक्षेप असा, की अशा गाड्या जगवाव्यातच कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. ओम्नीत चालकाच्या गुडघ्यांपुढे फारसं काही नाही, इंजिन सीटखाली आहे, एअरबॅग नाहीत. नव्या सुरक्षा नियमांत ती बसणारी नव्हती, म्हणूनच ती बंद झाली. त्यामुळे वेगवान महामार्गावर ती दामटणं किंवा दाटीवाटीने मुलं बसवून शाळेत नेणं याचं समर्थन कितीही नीट देखभालीने होणार नाही. चासी गंजलेली असेल किंवा धूर आटोक्यात येत नसेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी, हेच योग्य. पण गावातल्या गावात चाळीसच्या वेगाने माल पोचवणाऱ्या, पासिंग झालेल्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. ती गाडी त्या कुटुंबाचं पोट चालवते, तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात, आणि तिच्या जागी नवी घ्यायची तर कर्ज काढावं लागतं. अशी गाडी मोडीत काढायचा किंवा ठेवायचा निर्णय तपासणीवर व्हावा. गिअर जड आहे एवढ्यावरून गाडी संपली असं ठरवणं चुकीचं, आणि गिअर जड असूनही ती तशीच दामटणं त्याहून चुकीचं.

म्हणून जुनी व्हॅन वापरणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. या आठवड्यात बंद आणि चालू इंजिनावर गिअर टाकून पाहा, क्लचची वायर तपासून घ्या, गिअर ऑईलची पातळी बघायला मेकॅनिकला सांगा. आणि दुसरा गिअर बिनतक्रार पडू लागेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका.