भूगोल आणि त्याची हत्यारे
(सोलापूर येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



नद्या-डोंगरांची नावे घोकणे म्हणजे भूगोल, अशी पुष्कळांची समजूत आहे. जमीन कशी आहे, पाणी कोठून येते, आणि त्यांवर माणसे पोट कशी भरतात, हे मोजूनमापून सांगणारे शास्त्र म्हणजे भूगोल. मोजायचे म्हटले की हत्यार आलेच.

पहिले हत्यार आपल्या वाडवडिलांनी पाहिलेले आहे. मोजणीची साखळी! लांबी 33 फूट, भाग सोळा. म्हणून एकेका भागास आणा म्हणत. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. भीमेपलीकडे इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट ह्या साहेबांनी 1836 साली धाऱ्याची नवी पद्धत घातली. तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. साखळी ओढली गेली कुणब्याच्या बांधावरून, कागद मात्र राहिला दुसऱ्याच्या दप्तरात. ज्यास अक्षर ठाऊक नाही, त्याने आपल्याच रानाचा आकार परक्याच्या तोंडून ऐकावा, हा कोठला न्याय?

म्हणून नकाशा वाचावयास शिका. आपल्या चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, मग मागावर. नकाशात उलट, आधी जमीन, मग कागद. एका इंचास 660 फूट असे प्रमाण लिहिले असेल, तर इंचात 20 साखळ्या झाल्या. पट्टी लावा आणि आपला बांध आपण पडताळा.

डोंगरदऱ्यांत साखळी चालत नाही; तेथे कोन मोजणारी दुर्बीण लागते. लॅम्टन साहेबाने 1802 साली मद्रासेहून देश त्रिकोणांनी मोजावयास घेतला. 1823 साली तो हिंगणघाटास वारला. त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते! आज उपग्रहांच्या संदेशावर चालणारे यंत्र एक माणूस बांधावर नेतो. 2020 सालच्या स्वामित्व योजनेत तर गावठाणातील घरे ड्रोनने मोजतात व मिळकत पत्रिका देतात. ती घरच्या बायकांनीही वाचावी.

आता पाऊस. सह्याद्री ढगांचे पाणी आधीच उतरवून घेतो. महाबळेश्वरास वर्षाला दोनशे इंचांच्या वर, सोलापुरास त्याहून पुष्कळच कमी. हे नशीब नव्हे, भूगोल आहे. महसूल मंडळाच्या मापकात 24 तासांत 65 मिलिमीटरांवर पाऊस नोंदला, तर अतिवृष्टी धरतात. पण मापक एका गावी आणि ढग फुटतो दुसऱ्या गावी! तेव्हा सपाट बुडाचा, सरळ बाजूंचा डबा झाडा-भिंतींपासून दूर उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची खोली पट्टीने मोजा, तारखेसह वहीत लिहा, डबा रिकामा करा. ती वही सरकारी पुरावा नव्हे. पण अर्ज करताना 'पाऊस फार झाला' एवढेच न म्हणता तारीख व आकडा सांगता येतो. आमच्या शाळेची मुले असे मोजतात. कोणास पाहावयाचे असल्यास सकाळी आठ वाजता यावे.