वेग आणि अर्थ

बोरगावच्या या साहित्यिक सभेत मी कंपायलरविषयी बोलतो आहे, कारण तोही एक संपादकच आहे.

जीसीसी या कंपायलरला काही न सांगितल्यास तो ‘ओ-०’वर चालतो, लिहिले तसेच उतरवतो. ‘ओ-२’ सांगितले की निरुपयोगी आकडेमोड गाळतो, आवर्तनात पुन्हापुन्हा होणारा तोच गुणाकार एकदाच करून ठेवतो. नियमानुसार लिहिलेल्या प्रोग्रामचा अर्थ तोच राहतो.

उसाच्या बिलांचा प्रोग्राम वेगवान करताना मी ‘फास्ट-मॅथ’ही जोडले. त्यात अपूर्णांकांच्या बेरजेचा क्रम बदलण्याची मुभा असते. मग शेवटचा अंक हलू शकतो. दोन बिलांत पैशाचा फरक पडला. चूक माझीच. ते काढले, ‘ओ-२’ ठेवले.

वेग मोजावा, पण उत्तर आधीच्याशी ताडून पाहावे. संपादकानेही कात्री ठेवताना एवढेच करावे.