कागदी विमानांची कैफियत



अध्यक्षपदाचा हा मान देताना आपण माझ्या कारागिरीपेक्षा माझ्या वयाचाच अधिक विचार केला असावा, असा माझा समज आहे. परंतु वयस्क मनुष्याला एकदा व्यासपीठावर बसविले की त्याचे ऐकून घेणेही ओघानेच येते, तेव्हा आपल्या व्यवसायातील ज्या एका उणिवेविषयी बोलावे असे बरेच दिवस मनात घोळत होते, ती आज निःसंकोचपणे मांडतो. युद्धविमानांच्या कागदी प्रतिकृती आपण ‘अचूक’ म्हणून प्रसिद्ध करतो. मात्र ती अचूकता कोणत्या आधारावर साधली आणि कोणत्या ठिकाणी सोडून दिली, याचा हिशेब आपण कोणालाही देत नाही.

या कलेची वंशावळ सांगण्यात मी आपला वेळ दवडणार नाही. महायुद्धाच्या टंचाईत, १९४१ साली, ब्रिटनमध्ये निघालेले ‘मायक्रोमॉडेल्स’चे पोस्टकार्डाएवढे संच आणि १९५७ पासून पोलंडमध्ये निघू लागलेले ‘मावी मॉडेलाश’ हे नियतकालिक, एवढी दोन नावे पुरेत. विमानांसाठी १:३३ हे जे प्रमाण आज आपल्या हाताला इतके सरावले आहे, ते त्या पोलिश परंपरेचेच देणे होय.

आपल्यापुढचे मूळ संकट कात्रीचे नसून भूमितीचे आहे. पृष्ठाची अंगभूत वक्रता केवळ वाकविण्याने बदलत नाही, हे गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केले. सबब सपाट कागदाचे नळकांडे होते, शंकू होतो, परंतु दोन्ही दिशांनी फुगलेले किंवा एका दिशेने फुगून दुसऱ्या दिशेने खोल गेलेले अंग त्यातून, तो ताणल्यावाचून, घडत नाही. कारखान्यातील ॲल्युमिनियमचा पत्रा दाबयंत्राखाली ताण सोसतो; कागदाला ही मुभा नाही, आणि म्हणून खणाची चोळी बेतणाऱ्या शिंप्याला जे करावे लागते तेच आपल्यालाही करावे लागते: तुकडे पाडावयाचे, आणि जोड कोठे येऊ द्यावयाचा हे आधी ठरवावयाचे.

ओझरच्या विमान-कारखान्यात, परवान्याखाली, जे मिग-२१ तयार होऊ लागले, ते याबाबतीत मोठे उपकारी विमान आहे. त्याचा देह बहुतांशी सरळ नळीचा, नाकाशी हवा घेणारे गोल तोंड आणि त्यात एक शंकू. पंख त्रिकोणी आणि पातळ. इंजिन काढण्याकरिता त्याचे शेपटाकडील अंग मुळातच वेगळे होते, त्यामुळे कागदाचा मोठा जोड तेथे आणला तर तो दोष न ठरता वास्तवाचा दाखलाच ठरतो. माझ्या मते आराखडाकाराचे खरे चातुर्य यातच आहे, की आपल्या कागदाची शिवण त्याने विमानाच्या पत्र्याच्या सांध्यावर नेऊन बसवावी.

याउलट ‘मरुत’ हे लढाऊ विमान पाहा. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे आखलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याआधी त्याच घडणीचे, पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर १९५९ मध्ये उडवून पाहिले होते, म्हणजे प्रतिकृतीवाचून खुद्द निर्मात्यांचेही भागले नाही, ही गोष्ट आपणा मंडळींना सुखावणारी आहे. ध्वनिवेगाच्या आसपास होणारा हवेचा विरोध घटावा म्हणून, जेथे पंख जोडले जातात तेथे मरुतची कंबर आत घेतलेली आहे, आणि हीच कंबर कागदाला मान्य नाही. तिचे छिन्नशंकूंच्या अरुंद पट्ट्यांत तुकडे पाडावे लागतात: पट्ट्या थोड्या ठेवल्या तर बाक मोडका दिसतो, पुष्कळ केल्या तर प्रत्येक सांध्याशी डिंकाची आणि कात्रीची चूक साचत जाऊन शेपूट वाकडे बसते. १:३३ प्रमाणात ४८ सेंटिमीटर लांबीच्या या देहाला किती पट्ट्या द्याव्यात, हे कोणतीही संगणक-प्रणाली सांगणार नाही. ती फक्त आपण सांगितलेल्या पट्ट्या उलगडून देईल.

आता कागदाच्या जाडीचा प्रश्न, जो क्षुल्लक समजला जातो, परंतु तसा नाही. कागद ०.२ मिलिमीटर जाड धरला, तर १:३३ प्रमाणात तो सुमारे साडेसहा मिलिमीटरांच्या कवचाएवढा होतो. आतील पुठ्ठ्याच्या चकत्या विमानाच्या बाह्य मापानेच कापल्या आणि वरच्या आवरणाला ही जाडी मिळविली नाही, तर परिघात सुमारे सव्वा मिलिमीटर तूट येते, म्हणजे मूळ विमानावर चार सेंटिमीटरांची फट. या फटीचे खापर बहुधा जुळविणाऱ्या बिचाऱ्या मुलाच्या माथी फुटते. वस्तुतः गुन्हा आराखड्याचा असतो.

भूमितीची चूक निदान हाताला लागते. दप्तराची चूक लागत नाही. एकाने काढलेला त्रिदर्शी नकाशा दुसरा उतरवितो, दुसऱ्याचा तिसरा, आणि चौथ्याच्या हाती येईपर्यंत त्याला पुराव्याची प्रतिष्ठा प्राप्त होते. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत प्रत्यक्ष उभे असताना केवळ पुस्तकातील चित्रावर विसंबण्यास मी आळस म्हणतो. अर्थात प्रदर्शनातील विमानावर पुष्कळदा नवा रंग चढविलेला असतो, म्हणून आकाराची साक्ष त्याची घ्यावी आणि रंगाची साक्ष त्या काळच्या छायाचित्राची. तसेच आराखड्यावर ‘मिग-२१’ एवढेच शीर्षक पुरत नाही. कोणत्या प्रकारचे, कोणत्या क्रमांकाचे, कोणत्या वर्षीचे, हेही सांगितले पाहिजे, कारण त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत पाठीचा उभारही वेगळा आहे.

माझी सूचना एवढीच आहे. यापुढे प्रत्येक आराखड्यासोबत एक पानभर कैफियत छापावी: मापे कोठून घेतली, कोणते विशिष्ट विमान व कोणता काळ डोळ्यांपुढे होता, कागद किती जाड धरला, आणि कागदाच्या अडचणीपायी मूळ आकार जाणूनबुजून कोठे बदलला. ज्याला पुढे सुधारणा करावयाची आहे, त्याला आरंभ कोठून करावा हे त्यावरून कळेल. विक्रीला याने बाध येईल, असा आक्षेप मी ऐकला आहे. तो मला मान्य नाही. ही सूचना मी ठरावाच्या रूपाने सभेपुढे ठेवतो, आणि तिला अनुमोदन देण्यासाठी, शक्य तर, एखाद्या तरुण आराखडाकाराने उठावे अशी विनंती करतो.