चालढकल : आळस की भीती?

(मंडळाच्या अभ्यासिकेच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आम्ही बँकेत कारकून. काउंटरवर बसले की माणसाचा स्वभाव जवळून दिसतो. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायला अख्खा नोव्हेंबर महिना असतो. गर्दी मात्र शेवटच्या आठवड्यात उसळते. पण त्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. बँकिंगच्या परीक्षेची पुस्तके आमच्याच कपाटावर सहा वर्षे धूळ खात पडली होती.

घरचे म्हणत, आळस आहे. आम्हीही तेच मानले. पण आळशी माणूस निवांत असतो. आम्ही निवांत नव्हतो. पुस्तक उघडायचे ठरवले की नेमके तेव्हाच कपाट आवरावेसे वाटे, जुनी वर्तमानपत्रे चाळावीशी वाटत. सगळी कामे होत, तेवढे एक सोडून. शोध घेतला तेव्हा मुळाशी भीती सापडली. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, हिशेबाचा पेपर कच्चा. नापास झालो तर साऱ्या शाखेला कळणार. परीक्षेलाच बसलो नाही, तर 'मनात आणले असते तर पास झालो असतो' असे म्हणायला जागा राहते!

पिअर्स स्टील या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली या विषयावरील अनेक संशोधनांचा एकत्र आढावा घेतला. यशाची खात्री कमी, काम नकोसे आणि फळ लांबचे, असे असले की माणूस ते काम पुढे ढकलतो, असा त्याचा मथितार्थ आहे. आता आपल्या वस्तीतला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. घरात कॉलेजात गेलेला तो पहिलाच. वाट दाखवणारे कोणी नाही, फळ चार वर्षांनी, आणि घराची सारी आशा त्याच्या एकट्यावर. तो शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचे टाळतो तेव्हा आपण म्हणतो, "तुला जबाबदारीच नाही." वास्तविक जबाबदारीच्या ओझ्यानेच तो दबलेला असतो.

धम्मात पाच नीवरणे, म्हणजे मनाचे अडथळे, सांगितले आहेत. त्यांत थिनमिद्ध म्हणजे सुस्ती व जडता वेगळी, विचिकिच्छा म्हणजे शंका वेगळी आणि उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे अस्वस्थता व पश्चात्ताप वेगळा. या साऱ्यांना आपण एकच 'आळस' हे नाव देतो, म्हणून औषध चुकते. पश्चात्तापसुद्धा अडथळाच, हे विशेष ध्यानात घ्यावे. कॅनडातील एका विद्यापीठात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली.

प्रत्येक थांबणे ही चालढकल नसते, हेही सांगितले पाहिजे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पैसे जमवून ते १९२० साली पुन्हा गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. तेव्हा कोणी थांबलेला दिसला, तर आधी विचारावे : पैशाची अडचण आहे का? तब्येत बरी आहे का? रक्त कमी असणे, थायरॉइडचा त्रास किंवा नैराश्य यांनीही उत्साह मावळतो. तिथे उपदेशाचा उपयोग नाही, डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

भीतीवर मात्र आम्हाला लागू पडलेला उपाय साधा आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याबरोबर रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटे, ठरलेल्या जागी, ठरलेले पान. 'अभ्यास करीन' एवढे म्हणून भागत नाही. केव्हा, कुठे आणि किती, हे ठरावे लागते. पहिल्या खेपेस आम्ही नापास झालो. शाखेत कोणी काहीही म्हटले नाही! दुसऱ्या खेपेस पास झालो. सहा वर्षे आम्ही ज्याला घाबरलो, ते घडून गेल्यावर एका संध्याकाळीपुरते दुःख ठरले.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांचे फॉर्म भरायचे राहिले आहेत त्यांनी येत्या रविवारी सकाळी कागदपत्रे घेऊन अभ्यासिकेत यावे. आम्ही शेजारी बसू. आणि पालकांना एकच विनंती : 'आळशी' म्हणण्याआधी एकदा विचारा, "बाळा, कशाची भीती वाटते?"