भट्टीची आच आणि हाडातला धातू

अंबरनाथ स्टेशनावर पश्चिमेच्या अंगाला उतरले, की थोड्याच अंतरावर ऑर्डनन्स फॅक्टरीचा परिसर लागतो. दारूगोळ्याच्या कामी येणारे पितळ आणि अल्युमिनियम येथल्या भट्ट्यांतून निघत आले आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. धातू कसा तापवावा आणि कसा निववावा, ही विद्या या गावाच्या अंगवळणी पडलेली आहे. आज त्याच विद्येविषयी बोलावयाचे आहे. पण काडतुसासाठी नव्हे, तर मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या टायटॅनियम या धातूसाठी.

आधी पितळेचीच एक हकिकत सांगतो. इंग्रजी अमदानीत लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवून ठेवीत. पावसाळा सरला की त्यांच्या पितळेला आपोआप तडे गेलेले दिसत. कोणी हात लावला नव्हता, की घाव घातला नव्हता. पुढे १९२१ मध्ये कारण उलगडले. पितळेचा पत्रा ओढून नळकांडे करताना त्याच्या अंगात ताण कोंडून राहतो, आणि तबेल्यातल्या मूत्रापासून सुटणारा अमोनिया वायू त्या ताणलेल्या जागी पितळ फोडतो. उपाय काय, तर तयार नळकांडे मंद आचेवर तापवून घेणे. तेवढ्याने आतला ताण सैल पडतो. बाहेरून पाहिले तर दोन्ही काडतुसे सारखीच. फरक काय तो पोटात. हाडात बसवायच्या धातूचेही असेच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट वर्गात करून दाखवावी. शिवणकामाच्या दोन सुया घ्या. चिमट्यात धरून दोन्ही लालभडक तापवा. एक हवेत सावकाश निवू द्या, दुसरी लगेच पाण्यात बुडवा. पहिली सुई वाकेल. दुसरी वाकवू गेलात तर कटकन मोडेल. लोहार कोयत्याला पाणी पाजतो, ते याच नियमाने. दोन्ही सुयांचे पोलाद एकच, पण आतल्या कणांची मांडणी निराळी झाली. सुई मोडताना तुकडा उडतो, म्हणून मुलांना जरा दूर बसवावे.

आता टायटॅनियमकडे वळू. हा धातू काही परका नाही. रत्नागिरी, मालगुंड, पूर्णगड या किनाऱ्यांवर जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज असते आणि त्यात टायटॅनियम असतो. वाळूतून शुद्ध धातू काढणे मात्र फार कष्टाचे काम आहे. केरळातील चवरा येथे २०११ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला, आणि हैदराबादच्या मिधानी या सरकारी कारखान्यात त्याचे मिश्रधातू तयार होतात.

हाडाच्या कामी हाच धातू का? एक तर तो हलका. पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. दुसरे, त्याच्या अंगावर स्वतःच्याच ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो, त्यामुळे रक्तामांसात तो गंजत नाही. तिसरे, हाड त्याला घट्ट धरते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क या शास्त्रज्ञाने ही गोष्ट ओळखली आणि १९६५ मध्ये टायटॅनियमची मुळे माणसाच्या जबड्यात बसवली.

पुष्कळदा वापरला जातो तो मिश्रधातू असा: शंभरात सुमारे नव्वद भाग टायटॅनियम, सहा भाग अल्युमिनियम आणि चार भाग व्हॅनेडियम. याच्या पोटात दोन तऱ्हेचे कण असतात. एकाला अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा. सुमारे ९९५ अंश सेल्सियसच्या वर सगळे बीटा होतात. खाली उतरताना पुन्हा अल्फा जमू लागतात. ते बारीक गोल जमतात की लांब पट्ट्यांसारखे, हे आच किती दिली आणि किती वेगाने निववली यावर ठरते. बारीक गोल कणांच्या धातूला तडा सहजी सुरू होत नाही. पट्ट्यांच्या धातूला तो लवकर सुरू होतो, पण पुढे सरकताना अडखळतो.

कोयत्याचा हिशेब येथे लावू नका. हा धातू तापवून पाण्यात बुडवला, तरी पोलादासारखा कडक होत नाही. त्याला पुन्हा ५०० ते ६०० अंशांवर काही तास ठेवावे लागते. लोणचे मुरावे तसा तो मुरतो आणि मग बळकट होतो. पण बळ वाढले की लवचीकपणा कमी होतो. म्हणून हाडातल्या पुष्कळशा वस्तूंसाठी ७०० अंशांच्या आसपास तापवून सावकाश निववलेला, म्हणजे अनीलिंग केलेला धातूच पसंत करतात. ठरलेल्या मानकाप्रमाणे त्याच्या एका चौरस मिलिमीटरने निदान ८७ किलोचा भार पेलावा लागतो. शिवाय तुटण्यापूर्वी तो शंभराला दहा इतका तरी ताणला गेला पाहिजे.

आणखी एक पथ्य आहे. तापलेला टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन अधाशासारखा शोषतो आणि त्याची कातडी ठिसूळ होते. म्हणून त्याची भट्टी निर्वात असावी लागते, नाहीतर आर्गॉन वायूने भरलेली. तशी कातडी धरलीच, तर ती खरडून किंवा आम्लाने धुऊन काढावी लागते. ती राहून गेली, तर तडा तेथूनच सुरू होतो. हल्ली लेसरने धातूची भुकटी वितळवून, थरावर थर चढवूनही सांधे घडवतात. तेथे धातू क्षणात निवतो आणि अंगात ताण कोंडून राहतो. म्हणून त्यालाही भट्टी चुकत नाही.

शेतकऱ्याच्या पायावर हे सारे कसे येते, ते पाहा. चालता माणूस वर्षाला एकेका पायावर सुमारे दहा लाख पावले टाकतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशी सळई दर पावलाला किंचित वाकते. आतली मांडणी नीट नसेल, तर ती थकून मोडते.

फार ताठ धातूही बरा नव्हे. रोपाला जाड काठी घट्ट बांधली, तर खोड बळ धरत नाही. तसेच सगळा भार धातूनेच उचलला, तर हाड झिजते. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या निम्मा आहे, तरी हाडाच्या कितीतरी पट आहे. म्हणून नायोबियम, झिर्कोनियम घालून त्याहून नरम असे बीटा जातीचे मिश्रधातू काढले आहेत. त्यांनाही मुरवताना आच चुकली, तर ते ताठ आणि ठिसूळ होतात.

मंडळी, भट्टीचे काम डोळ्यांना दिसत नाही. चकचकीत पट्टी पाहून कोणालाच तिची जात कळत नाही. तिची साक्ष देतो तो बॅच क्रमांक. कोणत्या घाणीतला माल, कशी आच दिली, कोणत्या चाचण्या झाल्या, हे कारखान्याच्या वहीत त्याच क्रमांकाखाली असते. म्हणून घरच्या माणसाच्या हाडात पट्टी किंवा सांधा बसवला, तर क्रमांकाची चिठ्ठी दवाखान्यातून मागून घ्या आणि रेशनकार्डाइतकी जपून ठेवा. एकाच्या अंगातून काढलेली पट्टी दुसऱ्याला बसवू देऊ नका. तिने किती पावले सोसली, ते कोणास ठाऊक? आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज पायावर भार टाकू नका, मग पेरणी तोंडावर आलेली का असेना. पट्टी हाड जुळेपर्यंतची सोबतीण आहे. हाड जुळले नाही, तर उत्तम भट्टीतली पट्टीही एक दिवस हार खाते.